जुन्या विमान-इंजिनाचं मॉडेल करताना अचूक संदर्भ कसे शोधायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथले प्रश्न साधारण १९०३ ते १९४५ या काळातल्या पिस्टन इंजिनांबद्दल आहेत. मॉडेल काचेच्या कपाटात ठेवायचं असो की पेट्रोलवर फिरवायचं, लेथवर घडवायचं असो की थ्रीडी प्रिंटरवर, संदर्भ जमवण्याचं काम सगळ्यांना सारखंच करावं लागतं.

सुरुवात कुठून करू?

नेमकं कोणतं इंजिन, हे ठरवण्यापासून. ‘मला ल रोन करायचंय’ असं म्हणणाऱ्याचं अजून काहीच ठरलेलं नसतं. ल रोन हे फ्रेंच इंजिन. त्यातलं ल रोन ९सी ८० अश्वशक्तीचं, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) १०५ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टन जितका सरकतो ते अंतर) १४० मिमी. ल रोन ९जे ११० अश्वशक्तीचं, बोअर ११२ आणि स्ट्रोक १७०. दोन्हींना नऊ सिलिंडर, दोन्ही रोटरी (म्हणजे सिलिंडरच शाफ्टभोवती फिरतात), आणि फोटोखाली बहुतेक वेळा नुसतं ‘ल रोन’ लिहिलेलं. ९सीचे तांब्याचे इनटेक पाइप समोरून सरळ दिसतात; ९जेचे सिलिंडरांच्या मागे गेलेले असतात. दोघांचे फोटो एकाच फोल्डरमध्ये पडले की हळूहळू असं इंजिन तयार होतं, जे कुठल्याच कारखान्यातून कधी बाहेर पडलं नव्हतं.

त्यात परवान्यावर केलेली आणि सरळ नक्कल केलेली इंजिनं आहेतच. अमेरिकेत ल रोन युनियन स्विच अँड सिग्नल या रेल्वे सिग्नल बनवणाऱ्या कंपनीने बनवलं. जर्मनीत ओबेरउर्सेलचं यूआर-२ हे ११० अश्वशक्तीच्या ल रोनचंच रूप, आणि तेच फोकर त्रिपंखी विमानावर बसलं. घडण तीच, पण नेमप्लेट, मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज तयार करणारा भाग), पंप असले जोडभाग त्या-त्या देशाचे.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर एक ओळ लिहा: इंजिन, उपप्रकार, कारखाना, साल, आणि माहीत असेल तर विमान. पुढे आलेला प्रत्येक कागद आधी या ओळीशी ताडून बघायचा.

मर्लिन तर मर्लिनच ना? त्यात एवढं काय?

रोल्स-रॉइसचं मर्लिन: बोअर ५.४ इंच, स्ट्रोक ६ इंच, व्ही आकारात बारा सिलिंडर, सुमारे २७ लिटर. इथपर्यंत सगळी मर्लिन एकच. मागचा भाग बघितला की फरक कळतो. सुरुवातीच्या मर्लिनला एक टप्प्याचा सुपरचार्जर (हवा दाबून इंजिनात भरणारा पंप) होता. ६० मालिकेपासून दोन टप्प्यांचा आला, सोबत ती हवा थंड करणारा इंटरकूलर आला आणि इंजिनाची लांबीच वाढली. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने बनवलेल्या मर्लिनवर कार्ब्युरेटर बेंडिक्सचा आहे, आणि तो फोटोत लगेच ओळखता येतो.

शोधताना आणखी एक सापळा आहे. पॅकार्ड मर्लिनचं अमेरिकी लष्करी नाव व्ही-१६५०. पण १९२०च्या दशकात हेच नाव उलट्या बसवलेल्या लिबर्टी इंजिनालाही दिलं गेलं होतं. कारण साधं आहे: ही नावं घनइंचांवरून पडत. लिबर्टीचा बोअर ५ इंच आणि स्ट्रोक ७ इंच. गुणाकार करून बघा, दोन्ही इंजिनं १६४९ घनइंचांच्या आसपास येतात. त्यामुळे नुसतं ‘व्ही-१६५०’ शोधलं की दोन वेगळ्या पिढ्यांचे कागद एकत्र हाती येतात. पुढचा आकडाही बघावा. व्ही-१६५०-१ म्हणजे एक टप्प्याचं, पी-४० एफ विमानावरचं. व्ही-१६५०-७ म्हणजे दोन टप्प्यांचं, पी-५१ डी मस्टँगवरचं.

कोणत्या संदर्भावर किती भरवसा ठेवायचा?

माझा क्रम असा. सगळ्यात वर कारखान्याची, टॉलरन्ससह (मापात किती फरक चालेल त्यासह) मापं दिलेली ड्रॉइंग. त्याखाली ओव्हरहॉल मॅन्युअल आणि सुट्या भागांचे सचित्र कॅटलॉग. मग खऱ्या इंजिनावर स्वतः घेतलेली मापं. मग त्या काळात इंजिन उघडून केलेले सरकारी तपासणी अहवाल. मग जुने फोटो. त्याखाली आजचे संग्रहालयातले फोटो. सगळ्यात खाली छेदचित्रं (इंजिन कापून आतलं दाखवणारी चित्रं), पेटंटची चित्रं आणि दुसऱ्या कुणी केलेली मॉडेलं.

मात्र हा क्रम मापांपुरता. प्रश्न बदलला की क्रमही बदलतो. पाइप कुठून वळतो, वायर कुठे बांधली आहे, नटाला स्प्लिट पिन आहे की लॉकवायर, हे कारखान्याच्या ड्रॉइंगपेक्षा १९१७ सालचा एखादा धुरकट फोटो जास्त खात्रीने सांगतो.

ओव्हरहॉल मॅन्युअलमध्ये मॉडेलच्या कामाचं काय असतं? ते तर मेकॅनिकसाठी असतं.

बहुतेक जण चित्रं बघतात आणि पुढची तक्त्यांची पानं उलटून टाकतात. खरा माल त्या तक्त्यांत असतो. ‘फिट्स अँड क्लिअरन्सेस’ किंवा ‘टेबल ऑफ लिमिट्स’ अशा नावाचं एक प्रकरण असतं. त्यात पिस्टन पिनचा व्यास, बुशचा आतला व्यास, क्रँकपिन, जर्नल, व्हॉल्व्हचा दांडा, त्याचं गाईड, गिअरमधली फट, असं सगळं इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत दिलेलं असतं. झीज किती चालेल हे मेकॅनिकला कळावं म्हणून ते आकडे छापले आहेत. आपल्याला मात्र त्यातून इंजिनाच्या आतलं माप फुकटात मिळतं, तेही इंजिन न उघडता.

दुसरी खाण म्हणजे सुट्या भागांचा सचित्र कॅटलॉग. त्यात प्रत्येक भाग सुटा करून, ज्या क्रमाने बसतो त्या क्रमाने मांडलेला असतो. मापं नसतात, पण वॉशर किती, स्टड किती, गॅस्केट कुठे, हे सगळं मिळतं. शिवाय एखादा भाग ‘अमुक क्रमांकाच्या इंजिनापासून पुढे’ बदलला असेल तर तशी नोंदही असते. उपप्रकार ओळखायला याच्याइतका खात्रीचा कागद क्वचितच सापडतो.

प्रॅट अँड व्हिटनीच्या आर-९८५ आणि आर-१३४० या इंजिनांची अशी पुस्तकं सहज मिळतात, कारण ती इंजिनं आजही उडतात आणि त्यांची दुरुस्ती चालू आहे. रेडियल इंजिनाचं (सिलिंडर शाफ्टभोवती गोलाकार मांडलेले, पण न फिरणारे) पहिलंच मॉडेल करणाऱ्याला मी नेहमी यातलंच एखादं घ्यायला सांगतो. आर-१३४०चा बोअर आणि स्ट्रोक दोन्ही ५.७५ इंच, आर-९८५चे दोन्ही ५.१८७५ इंच. तिथूनच संदर्भांचा मेळ बसायला लागतो.

कारखान्याची मूळ ड्रॉइंग मिळतात का?

काही इंजिनांची मिळतात, पूर्ण संच मात्र दुर्मीळ. स्मिथसोनियनच्या राष्ट्रीय हवाई आणि अंतराळ संग्रहालयाचं अभिलेखागार, लंडनमधल्या हेंडनचं आरएएफ संग्रहालय, डर्बीतला रोल्स-रॉइस हेरिटेज ट्रस्ट, या ठिकाणी आधी विचारावं. ‘तुमच्याकडे काय आहे?’ असं पत्र पाठवलं तर उत्तर येईलच असं नाही, आणि आलं तरी ते बिनकामाचं असेल. ‘अमुक इंजिनाच्या नोज-केसचा उभा छेद तुमच्या संग्रहात आहे का?’ असं विचारलं तर तिथल्या माणसाला नेमकं कपाट उघडता येतं. संग्रहातल्या इंजिनाबद्दल विचारत असाल तर त्याचा नोंदणी क्रमांक न विसरता लिहा. तो बहुतेक वेळा वस्तूशेजारच्या पाटीवर किंवा संग्रहालयाच्या ऑनलाइन यादीत सापडतो.

ड्रॉइंग मिळालं, पण डावं-उजवं उलटं वाटतंय. ड्रॉइंग चुकलंय का?

बहुधा नाही. ब्रिटिश आणि युरोपीय ड्रॉइंग फर्स्ट अँगल पद्धतीची असत, अमेरिकी थर्ड अँगलची. एका पद्धतीत डावीकडून दिसणारं दृश्य उजवीकडे काढतात, दुसरीत डावीकडेच. १९४० साली पॅकार्डने मर्लिन बनवायचं काम हाती घेतलं तेव्हा रोल्स-रॉइसकडून आलेली ड्रॉइंग त्यांना अमेरिकी पद्धतीत पुन्हा काढून घ्यावी लागली. एवढ्या मोठ्या कारखान्याला जी कसरत करावी लागली, ती आपण डोक्यातल्या डोक्यात करायला जातो आणि तेल-पंपाचं आरशातलं रूप घडवून बसतो. भागाला हात लावण्याआधी पुठ्ठ्याचा किंवा फोमचा कच्चा ठोकळा करून फोटोशी ताडा.

फोटोही उलटे छापलेले असतात. निगेटिव्ह पालथी पडली की मॅग्नेटो दुसऱ्या बाजूला जातो. नेमप्लेटवरची अक्षरं, प्रोपेलरच्या पात्यांचा पीळ आणि एक्झॉस्टची दिशा बघितली की ते उघड होतं.

पहिल्या महायुद्धातल्या जर्मन इंजिनांची मापं कुठे मिळतील?

ती शत्रूनेच लिहून ठेवली आहेत. ब्रिटनच्या म्युनिशन्स मंत्रालयाने १९१७-१८ मध्ये हाती लागलेली बेंझ, मायबाख, ऑस्ट्रो-डाइमलर अशी इंजिनं पूर्ण उघडून, मोजून, वजन करून अहवाल तयार केले. त्यात पिस्टनचं वजन, व्हॉल्व्ह-स्प्रिंगचा ताण, कनेक्टिंग रॉडचा छेद, कॅमची उघडझाप असं सगळं आहे. यातले बरेच अहवाल तेव्हाच्या ‘फ्लाइट’ साप्ताहिकातही छापून आले होते. कुतूहल आणि भीती दोन्ही असलेल्या माणसाने मोजलेलं इंजिन फार बारकाईने मोजलेलं असतं.

फ्रेंच इंजिनांसाठी फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा गॅलिका हा डिजिटल संग्रह बघा. १९१४ पूर्वीची विमानविषयक फ्रेंच नियतकालिकं तिथे पानापानाने चाळता येतात. इंटरनेट आर्काइव्ह आणि हाथीट्रस्टवर जुनी तांत्रिक पुस्तकं आहेत. अमेरिकेच्या एनएसीए या १९१५ मध्ये स्थापन झालेल्या विमानविषयक सल्लागार समितीचे अहवाल आता नासाच्या संकेतस्थळावर खुले आहेत. लिबर्टीसारख्या इंजिनांसाठी तिथे जाणं चुकवू नये. शोधताना शब्द त्या-त्या भाषेतले आणि त्या काळातले टाका. आजची इंग्रजी नावं टाकून जुने फ्रेंच आणि जर्मन लेख समोर येत नाहीत.

संग्रहालयात ठेवलेलं इंजिन मूळ स्वरूपातच असतं ना?

असं धरून चालू नका. सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण खुद्द राइट बंधूंचं आहे. १९०३ सालचं त्यांचं चार सिलिंडरी, सुमारे १२ अश्वशक्तीचं इंजिन चार्ल्स टेलरने सहा आठवड्यांत घडवलं. १७ डिसेंबरच्या उड्डाणांनंतर वाऱ्याने विमान उलथवलं आणि अॅल्युमिनियमचा क्रँककेस फुटला. पुढे १९०६ मध्ये क्रँकशाफ्ट आणि फ्लायव्हील न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला पाठवले, ते परत आलेच नाहीत. १९१६ मध्ये विमान पुन्हा प्रदर्शनासाठी उभं केलं तेव्हा इंजिनात नंतरच्या इंजिनाचे भाग घालावे लागले. म्हणजे जगातल्या सगळ्यांत जपलेल्या विमानातसुद्धा ‘जे दिसतं ते १९०३चं’ असं म्हणता येत नाही.

सामान्य इंजिनांची गोष्ट तर आणखी साधी. दोन मोडकी इंजिनं जोडून एक उभं केलेलं असतं. आत काही नसतं, नुसती खोकी. हरवलेला मॅग्नेटो दुसऱ्या इंजिनाचा लावलेला असतो. शिकवण्यासाठी कापलेल्या इंजिनात कापाच्या कडा लाल रंगवतात आणि सोयीसाठी काही भाग काढूनच टाकतात. हे संग्रहालयवाल्यांना माहीत असतं, त्यांच्या फाइलीत लिहिलेलंही असतं. पाटीवर मावत नाही इतकंच. म्हणून ‘या इंजिनातले कोणते भाग बदललेले आहेत?’ हा प्रश्न न लाजता विचारावा.

उडत्या संग्रहांमध्ये याच्या उलट होतं. इंग्लंडमधल्या ओल्ड वॉर्डनच्या शटलवर्थ संग्रहात किंवा न्यूयॉर्क राज्यातल्या ओल्ड ऱ्हाइनबेकला रोटरी इंजिनं प्रत्यक्ष सुरू झालेली बघायला मिळतात. आवाज, धूर, एरंडेल तेलाचे फवारे, सगळं खरं. पण उडायचं म्हटलं की स्पार्क प्लग, नळ्या आणि क्लॅम्प आजचे लागू शकतात. रबरी नळीवर स्क्रूने आवळायचा चकचकीत क्लॅम्प दिसला की तो भाग संदर्भातून वगळा.

संग्रहालयात गेल्यावर फोटो कसे काढू?

लांबून, झूम करून. जवळ जाऊन मोबाइलने काढलेला फोटो दिसायला छान, मोजायला निरुपयोगी. वाइड लेन्समध्ये पुढचा भाग फुगतो आणि मागचा आकसतो. रेडियल किंवा रोटरी असेल तर शाफ्टच्या बरोबर समोर उभं राहा, कॅमेरा शाफ्टच्या उंचीला आणा, आणि जागा देईल तितकं मागे सरका.

फोटो सरळ आला की नाही हे तपासायची सोय इंजिनातच असते. नऊ सिलिंडर म्हणजे दोन शेजाऱ्यांमध्ये बरोबर ४० अंश. सात असतील तर ५१.४ अंश. घरी येऊन फोटोवर रेषा काढा. वरचे कोन ४२ आणि बाजूचे ३८ येत असतील तर कॅमेरा तिरका होता. तो फोटो तपशिलांसाठी ठेवा, मापांसाठी नाही.

सुंदर फोटो सगळेच काढतात. तुम्ही कुरूप फोटो काढा: खालून, मागून, माउंटिंग प्लेटच्या फटीतून, नेमप्लेटचा सरळ समोरून. नेमप्लेटचे तर चार काढा, वेगवेगळ्या उजेडात. ठोकलेले आकडे एका बाजूने टॉर्चचा उजेड पाडला की उठून दिसतात. फ्लॅश आणि ट्रायपॉडला परवानगी आहे का, हे आधीच विचारून ठेवा. हात लावायला परवानगी मिळालीच तर धातूचा कॅलिपर नेऊ नका, प्लास्टिकचा न्या. त्याने ओरखडा उठत नाही आणि शेजारी उभ्या असलेल्या अधिकाऱ्याचा जीवही टांगणीला लागत नाही.

फोटोवरून माप काढता येतं का?

येतं, पण मोजपट्टी आणि मोजायची वस्तू एकाच अंतरावर असेल तरच. समजा कॅमेरा सिलिंडरांपासून २ मीटरवर आहे आणि तुम्ही फूटपट्टी प्रोपेलरच्या हबला टेकवली, म्हणजे सिलिंडरांच्या २० सेंटिमीटर पुढे. तिथे फूटपट्टी १.८ मीटरवर आहे. फोटोत ती सिलिंडरांच्या मानाने ११ टक्के मोठी दिसणार, आणि तिच्यावरून काढलेलं सिलिंडरचं प्रत्येक माप १० टक्के कमी येणार. १०० मिमीचे ९० मिमी. हा गोंधळ पुढे कोणत्याही सॉफ्टवेअरने निस्तरत नाही.

म्हणून पट्टी लागते त्या पातळीवरच धरा, किंवा इंजिनातलंच एखादं ठाऊक माप वापरा. बोअर बाहेरून दिसत नाही, त्यामुळे त्याचा इथे उपयोग नाही. त्या काळातल्या कित्येक इंजिनांवर १८ मिमी आट्यांचे स्पार्क प्लग होते. एखादा प्लग काढून ठेवलेला असेल तर ते भोक कामाला येतं. छोट्या मापावरून मोठं माप काढलं की चूक मात्र तितक्या पटीने वाढते. जमेल तेव्हा उलटं करा: मॅन्युअलमधून एकूण व्यास किंवा लांबी घ्या आणि त्यावरून लहान भाग मोजा.

कूलिंग फिनचं, म्हणजे सिलिंडर थंड ठेवणाऱ्या पातळ पट्ट्यांचं, उदाहरण घ्या. एका फिनची जाडी फोटोवर मोजायला गेलात तर पिक्सेलच्या कडाच धूसर असतात. त्याऐवजी फिन मोजा, म्हणजे गणती करा. पहिल्या फिनपासून शेवटच्या फिनपर्यंतचं अंतर घ्या आणि मधल्या फटींच्या संख्येने भागा. २१ फिन असतील तर भागायचं २०ने. दोन फिनमधलं अंतर यातून दशांश मिलिमीटरपर्यंत नीट येतं. आणि फिन सगळ्या सारख्या उंचीच्या आहेत की डोक्याकडे वाढत जातात, हेही बघून घ्या. मॉडेलमध्ये सगळ्यांत जास्त चुकणारी गोष्ट हीच.

थ्रीडी स्कॅन मिळाला तर सगळा प्रश्नच मिटला, नाही का?

बाहेरच्या आकाराचा बराच मिटतो. स्मिथसोनियनने १९०३च्या राइट विमानाचा स्कॅन खुला केला आहे, तो फिरवून बघा. पण स्कॅनर फिनच्या खोल फटीत पोहोचत नाही, चकचकीत तांब्यावर गोंधळतो, आणि आत काय आहे हे त्याला कळत नाही. त्यात वाकलेला पाइप वाकलेलाच येतो, गंजलेली कड गंजलेलीच. स्कॅनवरून मापं घेऊन भाग नव्याने काढायचा. स्कॅन तसाच प्रिंटरला देऊन केलेलं इंजिन साबणाचं दिसतं.

मासिकांतली छेदचित्रं किती अचूक असतात?

समजून घ्यायला उत्तम, मोजायला नाही. मॅक्स मिलर यांच्यासारख्या चित्रकारांनी ‘फ्लाइट’साठी काढलेली छेदचित्रं बघून कुठला भाग कशाला जोडलाय हे एका नजरेत कळतं. पण आतला भाग दिसावा म्हणून पुढचा भाग किंचित सरकवणं हे त्या कलेचं कामच आहे.

आणि पेटंट?

पेटंटमध्ये कल्पना असते, इंजिन नसतं. चित्र प्रमाणात असायची गरज नसते, आणि कित्येकदा तशी रचना प्रत्यक्षात बनलेलीच नसते. एखादी यंत्रणा चालते कशी हेच कळत नसेल, तेव्हा पेटंट वाचा. ल रोनमध्ये एकच दांडा रॉकरला ढकलून एक व्हॉल्व्ह उघडतो आणि ओढून दुसरा, ही गोष्ट फोटो बघून कुणाच्याच लक्षात येत नाही.

आतले भाग दिसणारच नाहीत, मग त्यांचे संदर्भ कशाला?

नुसतं ठेवायचं मॉडेल असेल तर सोडून द्या. छेद दाखवायचा असेल किंवा इंजिन फिरवायचं असेल तर आधी कनेक्टिंग रॉडचा संदर्भ पक्का करा. बहुतेक रेडियलमध्ये एक मास्टर रॉड आणि बाकीचे त्याला पिनने जोडलेले असतात. क्लेर्जे या रोटरीतही तसंच. ल रोनमध्ये मात्र रॉडच्या टाचा गोल खाचांतून सरकतात. ग्नोम मोनोसुपापमध्ये डोक्यावर एकच व्हॉल्व्ह असतो, तोही एक्झॉस्टचा. मिश्रण सिलिंडरच्या तळाजवळच्या भोकांतून आत जातं. त्याआधीच्या ग्नोममध्ये इनटेक व्हॉल्व्ह थेट पिस्टनच्या माथ्यावर होता. चारही रोटरीच, पण एकीचा छेद बघून दुसरी करता येत नाही.

आणि रोटरीत क्रँकशाफ्ट विमानाला घट्ट बांधलेला असतो, फिरतात ते क्रँककेस, सिलिंडर आणि प्रोपेलर. हे माहीत असूनही मॉडेलच्या स्टँडवर क्रँककेस बोल्टने आवळून टाकणारे भेटतात.

दोन चांगल्या संदर्भांत दोन आकडे दिसतात. कोणता धरू?

आधी एकक बघा. जर्मन पीएस आणि फ्रेंच सीव्ही म्हणजे ७३५.५ वॉट, इंग्रजी अश्वशक्ती ७४५.७ वॉट. १६० पीएसचं मर्सिडीज इंग्रजी पुस्तकात १५८ झालं तर दोन्ही बरोबरच आहेत. शिवाय ‘१६०’ हे गटाचं नाव असतं आणि प्रत्यक्ष ताकद वेगळी मोजलेली असते. लांबीचे आकडे भांडत असतील तर स्टार्टर किंवा प्रोपेलर हब धरून मोजलंय का ते तपासा. बोअर-स्ट्रोकवर वाद असेल तर स्वतः घनफळ काढून छापील घनफळाशी जुळवा. मर्सिडीज डी थ्रीचे १४० आणि १६० मिमी घेतले की सहा सिलिंडरांचे १४.८ लिटर येतात. जो आकडा जुळत नाही तो छपाईचा दोष.

सिलिंडरांच्या क्रमांकातही असंच होतं. अमेरिकी रेडियलमध्ये क्रमांक मागून बघून, घड्याळाच्या दिशेने लावतात आणि एक नंबर सगळ्यांत वर. तुमचा फोटो समोरचा असेल तर सगळं उलट मोजावं लागतं.

नट-बोल्टचे आटे कोणते होते हे जाणून फरक पडतो?

मोठ्या स्केलमध्ये पडतो. नटाची रुंदी आणि उंची आट्याच्या पद्धतीवर ठरते, आणि डोळ्याला ते जाणवतं. ब्रिटिश इंजिनांवर व्हिटवर्थ घराण्याचे ५५ अंशांचे आटे आणि बारीक कामाला बीए (ब्रिटिश असोसिएशन) आटे असत. शून्य क्रमांकाचा बीए ६ मिमीचा. मेट्रिक आणि अमेरिकी आटे ६० अंशांचे. पॅकार्डने मर्लिन अमेरिकेत बनवलं तरी आटे ब्रिटिशच ठेवले, म्हणजे सुटे भाग एकमेकांना बसतील. त्यामुळे ‘अमेरिकेत बनलंय, अमेरिकी नट लावू’ हा हिशोब तिथे चालत नाही.

रंग कसा ठरवायचा?

संग्रहालयातली चकाकी विसरा. पितळ-तांब्यावर पॉलिश आणि लाखेचा थर नंतरचा असतो. मूळ रंग नेमप्लेटच्या कडेखाली, स्टडच्या बुडाशी, जिथे ब्रश पोहोचला नाही अशा कोपऱ्यात शोधा. जुन्या कृष्णधवल फोटोंवरून रंग ठरवताना जपून. त्या काळातली ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. लाल वस्तू काळपट येते आणि निळी फिकट. तांब्याचे पाइपही त्यामुळे अपेक्षेपेक्षा गडद दिसतात, आणि कुणीतरी ते काळ्या रंगाने रंगवून मोकळा होतो.

चालतं मॉडेल करताना सगळं प्रमाणात ठेवता येतं का?

नाही, आणि तसा हट्टही धरू नये. ग्नोम ओमेगाच्या पोलादी सिलिंडरची भिंत खऱ्या इंजिनातच १.५ मिमी होती. पाव स्केलला ती ०.३७५ मिमी होते. तेवढी पातळ भिंत टर्न करून बघा. १८ मिमीचा प्लग पाव स्केलला ४.५ मिमी हवा, पण मॉडेलसाठी सर्रास मिळणाऱ्या छोट्या प्लगचे आटे पाव इंचाचे, म्हणजे ६.३५ मिमीचे. तो ४० टक्क्यांनी जाड दिसणारच. बेंटले बीआर-२चा बोअर १४० आणि स्ट्रोक १८० मिमी, नऊ सिलिंडरांचे मिळून जवळपास २५ लिटर. पाव स्केलला घनफळ चौसष्टावा भाग, म्हणजे सुमारे ३९० सीसी. पृष्ठभाग मात्र सोळावाच भाग होतो, त्यामुळे उष्णता, तेल, कार्ब्युरेशन यांचं सगळं गणित बदलतं.

मी दोन याद्या करायला सांगतो: दिसणारं आणि काम करणारं. दिसणाऱ्या यादीत संदर्भाशी तडजोड नाही. काम करणाऱ्या यादीत संदर्भ बघायचा आणि मग धातूचं ऐकायचं.

दुसऱ्याने केलेले मॉडेल-प्लॅन वापरले तर?

खुशाल वापरा, ते चालतात याची खात्री असते. पण प्लॅन काढणाऱ्यानेही वरच्या दोन याद्या केलेल्या असतात, फक्त कुठे तडजोड केली ते लिहिलेलं नसतं. दिसणारे भाग खऱ्या इंजिनाच्या फोटोशी ताडून बघा. किटचंही तेच. एका किटमधली चूक दुसऱ्या किटमध्ये आणि तिथून तिसऱ्याच्या मॉडेलमध्ये जाते, आणि तीन ठिकाणी दिसली म्हणून ती खरी ठरते.

एखाद्या भागाचा संदर्भ कुठेच सापडला नाही तर?

त्याच कारखान्याच्या, त्याच काळातल्या शेजारच्या इंजिनाकडे बघा. कारखाने पंप, कव्हर, फिटिंग एकदा जमलं की पुढच्या इंजिनावरही तेच वापरत. तरीही नाही मिळालं तर काम काय आहे त्यावरून आकार ठरवा आणि वहीत त्या भागासमोर ‘अंदाज’ असं स्पष्ट लिहा. न्यूझीलंडमध्ये गेल्या काही वर्षांत पहिल्या महायुद्धातली काही इंजिनं उडण्यासाठी नव्याने घडवली गेली आहेत. त्यांचे कारागीर तुम्हाला अडलेल्या भागापाशी कधीतरी अडलेले असण्याची शक्यता दांडगी आहे; त्यांना विचारून बघायला हरकत नाही.

नोंदी कशा ठेवू?

प्रत्येक मापासमोर तीन गोष्टी: आकडा, कुठून आला, किती खात्रीचा. मी खात्रीसाठी क, ख, ग लिहितो. क म्हणजे छापील माप, ख म्हणजे मोजलेलं, ग म्हणजे फोटोवरून काढलेलं किंवा अंदाज. फोटोच्या फाइलच्या नावातच इंजिन, जागा आणि नेमप्लेटवरचा क्रमांक घाला. मूळ एककही जपा. ५.४ इंच लिहा, कंसात १३७.१६ मिमी. नुसतं १३७ लिहून ठेवलं की दोन वर्षांनी ते मोजलेलं की गोल केलेलं हे आठवत नाही.

हे जुने कागद वापरायला परवानगी लागते का?

स्वतःच्या बाकावर मॉडेल करायला सहसा अडचण येत नाही. प्लॅन विकायचे किंवा छापायचे असतील तर गोष्ट वेगळी. अमेरिकी केंद्र सरकारने तयार केलेले अहवाल त्या देशात खुले असतात, खासगी कंपन्यांची मॅन्युअल तशी असतीलच असं नाही, आणि संग्रहालयांच्या फोटोंच्या अटी प्रत्येकाच्या निराळ्या. त्या वस्तूच्या पानावरच लिहिलेल्या असतात.

धातू कापायला कधी सुरुवात करू?

एकूण व्यास किंवा लांबी, बोअर, स्ट्रोक, सिलिंडरची उंची, फिनची संख्या आणि माउंटिंगची जागा, एवढं क किंवा ख दर्जाचं जमलं की क्रँककेसपासून. मॅग्नेटोच्या वायरींचा फोटो अजून मिळाला नाही म्हणून थांबू नका. ती सगळ्यांत शेवटी लागते.